आमिश व हटराइट समाज : शिक्षण आणि दैनंदिन जीवन

आमिश व हटराइट हे उत्तर अमेरिकेतील दोन जर्मन बोलीभाषक ख्रिस्ती समाज. दोहोंचा उगम सोळाव्या शतकातील ॲनाबॅप्टिस्ट म्हणजे पुनर्बाप्तिस्मावादी चळवळीत आहे. आमिशांची लोकसंख्या सुमारे ४ लाख असून त्यांतील बहुसंख्य अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया, ओहायओ व इंडियाना या राज्यांत राहतात. हटराइट सुमारे ५०,००० असून कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचेवन व मॅनिटोबा हे प्रांत आणि अमेरिकेतील साउथ डकोटा, माँटॅना ही राज्ये मिळून त्यांच्या पाचशेहून अधिक वसाहती आहेत. दोन्ही समाज युद्धसेवा नाकारतात, साधा पेहराव करतात आणि फक्त प्रौढांना बाप्तिस्मा देतात. बाप्तिस्म्यापूर्वी मूल मंडळीचे सभासद नसते. पुढे ते स्वेच्छेने सभासद झाले, तरच समाज टिकतो. त्यामुळे मुलांना कोणी, काय आणि कोणत्या वयापर्यंत शिकवावे, या प्रश्नाला दोन्ही समाजांत असाधारण महत्त्व आले. आमिशांचे तर त्यावरून सरकारशी वारंवार खटके उडाले.

इतिहास : जानेवारी १५२५ मध्ये झुरिक येथे कॉनराड ग्रेबेल व त्याच्या सोबत्यांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. अर्भकांचा बाप्तिस्मा नाकारणे हा चर्च आणि शासन या दोघांनाही द्रोह वाटला. फेलिक्स मांझ याला १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. पुढील वर्षी मोरेव्हियात आश्रय शोधणाऱ्या एका गटाने जमिनीवर झगा अंथरून त्यावर आपापली चीजवस्तू ठेवली आणि मालमत्ता सामाईक केली. टिरोलचा याकोब हुटर याने १५३३ नंतर या समूहाला शिस्त लावली. १५३६ मध्ये इन्सब्रुक येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच्या नावावरून हटराइट हे नाव पडले. १६२२ मध्ये मोरेव्हियातून हकालपट्टी झाल्यावर हा समाज ट्रान्सिल्व्हेनिया व वॉलेकियामार्गे १७७० मध्ये रशियन साम्राज्यातील युक्रेनमध्ये पोहोचला. तेथे सक्तीच्या लष्करी सेवेची चिन्हे दिसू लागल्यावर १८७४ ते १८७९ या काळात त्याने अमेरिकेतील डकोटा गाठले. पहिल्या महायुद्धात लष्करी गणवेश नाकारणाऱ्या हटराइट तरुणांना तुरुंगात टाकण्यात आले व त्यांपैकी दोघांचा १९१८ मध्ये मृत्यू झाला. त्यानंतर बहुतेक वसाहती कॅनडात हलल्या.

आमिशांची शाखा १६९३ मध्ये स्वित्झर्लंड व अल्सास येथे फुटली. मंडळीतून काढलेल्या सभासदाशी सामाजिक व्यवहारही तोडावेत, असा याकोब अम्मान याचा आग्रह होता. त्याचे अनुयायी अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. यूरोपात उरलेली शेवटची आमिश मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइट या दुसऱ्या पुनर्बाप्तिस्मावादी पंथात विलीन झाली.

आमिशांचे दैनंदिन जीवन : साधारण २५ ते ४० कुटुंबांची एक मंडळी असते. तिला चर्चची इमारत नसते. एक रविवार आड एकेका कुटुंबाच्या घरी वा गोठ्याच्या माळ्यावर सुमारे तीन तासांची उपासना होते. ‘आउसबुंड’ या सोळाव्या शतकातील भजनसंग्रहातील गीते वाद्यांविना, अतिशय संथ लयीत गातात. धर्मोपदेशक सभासदांतूनच चिठ्ठी टाकून निवडला जातो व त्याला वेतन नसते. वागणुकीचे नियम ‘ओर्डनुंग’ या नावाने ओळखले जातात. ते प्रत्येक मंडळीचे वेगळे असल्याने टोपीच्या काठाची रुंदी, बग्गीचा रंग किंवा दूध काढण्याच्या यंत्राची परवानगी गावागणिक बदलते.

यंत्र पापी आहे असे आमिश मानत नाहीत. त्याने घर आणि शेजार यांची वीण सैल होईल का, हा त्यांचा प्रश्न असतो. मोटारीची मालकी वर्ज्य, पण गरजेपुरती भाड्याची मोटार चालते. सार्वजनिक वीजवाहिनी घरात येत नाही. मात्र गॅसवरचे शीतकपाट, दाबलेल्या हवेवर चालणारी सुतारी हत्यारे आणि अनेक ठिकाणी सौरपट्टे वापरात आहेत. दूरध्वनी अनेकदा घराबाहेर, रस्त्याकडेच्या खोपटात असतो. आगीत कोणाचा गोठा जळाला तर शेकडो माणसे जमून अल्पावधीत नवा उभा करतात. विम्यापेक्षा या परस्परसाहाय्यावर त्यांची भिस्त असते. म्हणूनच १९६५ मध्ये अमेरिकी कायद्याने स्वयंरोजगारी आमिशांना सामाजिक सुरक्षा करातून सूट दिली.

कुटुंबात सरासरी सहा-सात मुले असतात आणि साधारण वीस वर्षांत लोकसंख्या दुप्पट होते. जमीन त्या प्रमाणात मिळत नाही. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातही आज बहुतेक कुटुंबे शेतीवर अवलंबून नाहीत. सुतारकाम, फर्निचर, बांधकाम आणि इंडियानातील सहलीच्या फिरत्या घरांचे (आरव्ही) कारखाने ही उपजीविकेची प्रमुख साधने झाली आहेत.

आमिशांच्या शाळा : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक आमिश मुले खेड्यातील एकखोली सरकारी शाळांतच जात. लहान शाळा बंद करून दूरवर मोठ्या शाळा उघडण्याचे आणि सक्तीच्या शिक्षणाचे वय वाढवण्याचे धोरण आल्यावर संघर्ष सुरू झाला. पहिली आमिश शाळा १९२५ मध्ये डेलावेअर राज्यात निघाली. पेनसिल्व्हेनियात १९५० च्या दशकात अनेक पालकांना दंड व तुरुंगवास झाला. नोव्हेंबर १९६५ मध्ये आयोवातील हेझलटन येथे अधिकारी मुलांना सरकारी शाळेत नेण्यासाठी बस घेऊन आले, तेव्हा मुले मक्याच्या शेतात पळाली. या प्रसंगाचे छायाचित्र देशभर गाजले व जनमत आमिशांकडे झुकले.

निर्णायक वळण ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या खटल्याने दिले. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवल्याबद्दल तीन पालकांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला होता. आमिश स्वतः कोर्टाची पायरी चढत नाहीत. त्यामुळे लूथरपंथी पाद्री विल्यम लिंडहोम यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या समितीने बचाव चालवला. १५ मे १९७२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. आठवीनंतरची एक-दोन वर्षे सक्तीने शिकवण्यातील शासनाचे हित धर्मस्वातंत्र्याला डावलण्याइतके मोठे नाही, असे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी म्हटले. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः असहमती नोंदवून मुलांचे स्वतःचे म्हणणे विचारात घ्यायला हवे होते, असे मत मांडले.

आमिश शाळेत सामान्यतः एकाच खोलीत आठ इयत्तांची सुमारे तीस मुले बसतात. शिक्षिका बहुधा अविवाहित तरुणी असते व तिचे स्वतःचे शिक्षणही आठवीपर्यंतच झालेले असते. शाळा पालकांचे मंडळ चालवते. सरपण, डागडुजी, पगार ही जबाबदारी त्याचीच. वाचन, शुद्धलेखन, गणित व भूगोल हे मुख्य विषय. घरात पेनसिल्व्हेनिया जर्मन, शाळेत इंग्रजी आणि बायबलसाठी प्रमाण जर्मन, अशा तीन भाषांत मूल वाढते. दिवसाची सुरुवात बायबलवाचन व प्रार्थनेने होते. पण धर्माची शिकवण देणे हे घराचे व मंडळीचे काम मानले जात असल्याने त्याचा वेगळा तास बहुधा नसतो. मोठी मुले लहानांचा अभ्यास घेतात, आणि एका इयत्तेचा धडा चालू असताना बाकीच्यांच्या कानांवरही तो पडतो. पाठ्यपुस्तके व शिक्षकांसाठीचे मासिक कॅनडातील ऑंटॅरिओ येथील पाथवे ही आमिश प्रकाशनसंस्था काढते. २ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्व्हेनियातील निकल माइन्स येथील शाळेत एका बिगर-आमिश बंदूकधाऱ्याने पाच मुलींची हत्या केली. मृतांच्या समाजाने मारेकऱ्याच्या कुटुंबाचे सांत्वन केले. शाळेची इमारत पाडण्यात आली आणि जवळच नवी शाळा बांधली गेली.

आठवीनंतर मुलगा वा मुलगी शेतात, कार्यशाळेत किंवा घरकामात शिकते. सोळाव्या वर्षी ‘रुमश्प्रिंगा’ हा मोकळिकीचा काळ सुरू होतो. बाहेर त्याची ख्याती स्वैराचाराची असली, तरी बहुतेकांच्या बाबतीत तो रविवारच्या संध्याकाळी समवयस्कांसोबत गाणी म्हणण्याचा व जोडीदार शोधण्याचा काळ असतो. साधारण १८ ते २२ या वयात दहांपैकी आठ-नऊ जण बाप्तिस्मा घेतात. त्यापूर्वी समाज सोडणाऱ्यावर बहिष्कार नसतो. बाप्तिस्मा घेऊन मग सोडणाऱ्यावर असतो.

हटराइटांची वसाहत : हटराइट वसाहतीत सुमारे ६० ते १५० माणसे राहतात. जमीन, यंत्रे, गुरे व उत्पन्न सर्वांचे असते आणि कोणालाही पगार नसतो. घरे सामाईक स्वयंपाकघराभोवती रांगेने बांधलेली असतात. घंटा झाली की सर्व भोजनगृहात जमतात; पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात. स्वयंपाक, भाकरी भाजणे व भांडी यांच्या पाळ्या स्त्रियांत लागतात. दररोज संध्याकाळी प्रार्थनासभा होते. धर्मोपदेशक, हिशेब व खरेदी सांभाळणारा कारभारी आणि शेतीप्रमुख हे कारभाराचे मुख्य आधार. वसाहतीच्या सभेत मत परंपरेने बाप्तिस्मा झालेल्या पुरुषांनाच असते. लोकसंख्या फार वाढली की नवी जमीन घेऊन वसाहत दुभागते. कोणी जायचे हे अनेकदा चिठ्ठी टाकून ठरते, म्हणून सर्वच कुटुंबे सामान बांधून तयार राहतात. समाजाच्या श्मीडलॉइट, डारियुसलॉइट व लेररलॉइट या तीन शाखा आहेत.

उत्पादनासाठी हटराइट अत्याधुनिक यंत्रे वापरतात. उपग्रहनियंत्रित ट्रॅक्टर आणि संगणकीकृत गोठे त्यांच्याकडे सर्रास आढळतात. बंधन आहे ते खासगी मालकीवर आणि करमणुकीवर. या फरकाचा एक अनपेक्षित परिणाम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात दिसला. वांशिकदृष्ट्या जवळच्या या दोन समाजांपैकी घरालगतच्या गोठ्यात वावरणाऱ्या आमिश मुलांत दमा हटराइट मुलांच्या तुलनेत बराच कमी आढळला.

हटराइटांच्या शाळा : सामूहिक बालशिक्षणाची हटराइट परंपरा मोरेव्हियाच्या काळापासून चालत आली आहे, १५७८ च्या शालेय नियमावलीत मुलांची स्वच्छता व आजारी मुलांची काळजी यांविषयीही सूचना आहेत. आजही साधारण तिसऱ्या वर्षी मूल वसाहतीच्या ‘क्लाइनशूल’ या बालवाडीत जाऊ लागते. तेथे ते प्रार्थना, गाणी व सर्वांसोबत जेवणे-झोपणे शिकते. सहाव्या वर्षापासून मुले दोन शाळा शिकतात. इंग्रजी शाळा वसाहतीच्या आवारातच असते. तेथे शासनमान्य शिक्षक, पुष्कळदा बाहेरचा, प्रांताचा अभ्यासक्रम शिकवतो. तिच्या आधी व नंतर जर्मन शाळा भरते. जर्मन शिक्षक हा वसाहतीचा सभासद असतो. भाषा व धर्मवचनांबरोबरच मुलांच्या वेगळ्या भोजनगृहातील शिस्तही तोच पाहतो. सरकारी शाळा आत आली, पण मुले वसाहतीबाहेर गेली नाहीत, ही हटराइटांची तडजोड होय. पंधराव्या वर्षी मूल प्रौढांच्या भोजनगृहात बसू लागते व प्रौढांच्या कामात सामील होते. पूर्वी शाळा तेथेच संपे. अलीकडे, विशेषतः मॅनिटोबात, अनेक वसाहतींत बारावीपर्यंतचे शिक्षण सुरू झाले असून ब्रँडन विद्यापीठातून प्रशिक्षित हटराइट शिक्षकच इंग्रजी शाळा चालवू लागले आहेत.

वाद व मूल्यमापन : आमिशांनी शाळा स्वतःच्या हाती घेऊन ती लहान केली, तर हटराइटांनी सरकारी शाळेला स्वतःच्या शाळेची कडे घातली. दोन्ही मार्गांनी समाज टिकला, पण बाहेर पडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. आमिश तरुणापाशी फक्त आठवीपर्यंतचे शिक्षण असते. हटराइटाला सामाईक मालमत्तेतील वाटा मिळत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ‘होफर विरुद्ध होफर’ खटल्यात हा नियम उचलून धरला. सभासदत्व स्वेच्छेचे असावे, हा पुनर्बाप्तिस्मावादाचा पाया. मुलांना दुसरा पर्याय निवडता येईल इतके शिक्षण मिळते का, हा डग्लस यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्या पायालाच भिडतो आणि आजही वादाचा विषय आहे.