प्रस्तावना : सीनरीला तारीख असते

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. तो उभा राहण्याआधी तिथली सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. तरीही घरच्या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमध्ये जुन्या उंचीच्या आकडेवारीवर बेतलेली सीनरी, म्हणजे जमिनीचे आभासी रूप, चढवून विमान पनवेलच्या बाजूला नेले, तर टेकडी जागच्या जागी दिसते. धावपट्टी तशीच आखली, तर ती उंचवट्यावर टाकलेल्या सतरंजीसारखी चढते-उतरते. यात संगणकाची चूक नाही. आकडेवारीने टेकडी खरोखरच पाहिली होती. फक्त फेब्रुवारी 2000 मध्ये.

त्या महिन्यात एंडेव्हर या अंतराळयानाने 11 दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. एक अँटेना यानात होता, दुसरा 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला. दोघांकडे परतलेल्या लहरींमधल्या सूक्ष्म फरकावरून उंची काढली गेली. 60 अंश उत्तर ते 56 अंश दक्षिण या पट्ट्यातला, म्हणजे पृथ्वीवरचा सुमारे 80 टक्के भूभाग त्यात आला. ही आकडेवारी पुढे सर्वांना मोफत मिळू लागली. एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगिअर या सिम्युलेटरसाठी हौसेने सीनरी करणाऱ्यांच्या हाती त्यामुळे भक्कम पाया आला. या क्षेत्राची ओळख करून देताना मी त्या पायापासूनच सुरुवात करतो, कारण नवख्याच्या बहुतेक अडचणी तिथेच उगम पावतात.

सीनरीचे काम टाइलने चालते. एक टाइल म्हणजे एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाचा चौकोन. 18 उत्तर, 73 पूर्व ही टाइल घेऊ. सुमारे 111 किलोमीटर लांब आणि 105 किलोमीटर रुंद अशा या तुकड्यात पनवेल आहे, माथेरान आहे, खंडाळ्याचा घाट, रायगड, राजगड, सिंहगड आणि पूर्वेच्या कडेला पुण्याचा लोहगाव विमानतळ आहे. कोनाच्या दर सेकंदाला एक बिंदू घेणाऱ्या जाळीत या एका टाइलचे जवळजवळ 1 कोटी 30 लाख बिंदू भरतात. ते जोडून त्रिकोणांची जाळी, म्हणजे मेश, तयार होते. पुण्याच्या पूर्वेच्या सपाटीला मोठे, थोडे त्रिकोण पुरतात. घाटाच्या धारेवर लहान आणि दाट लागतात. पण दोन बिंदूंमधले अंतर सुमारे 30 मीटर. खंडाळ्याजवळचा नागफणीचा कडा त्या फटीत सापडला की त्याचा उतार होतो. घाट पायी हिंडलेला माणूस हे पडद्यावर पाहताक्षणी ओळखतो. म्हणून या कामात संगणकतज्ज्ञाइतकाच गिर्यारोहक उपयोगाचा आहे.

मेशवर छायाचित्र अंथरतात. ऑनलाइन नकाशांच्या झूम 16 या पायरीला एका ठिपक्यात जमिनीचा सव्वादोन-अडीच मीटर भाग येतो. झूम एक पायरी वाढवला की तपशील दुप्पट आणि फाइलींचे ओझे चौपट. इथे दुसरी तारीख लपलेली असते. पावसाळ्यात सह्याद्री ढगाखाली असतो, त्यामुळे उपग्रहाची स्वच्छ चित्रे बहुधा कोरड्या महिन्यांतली मिळतात. मग सिम्युलेटरमध्ये जुलैचा मुसळधार पाऊस लावावा आणि खाली मार्चमधला करपलेला डोंगर दिसावा, असे होते. रंग हिरवा करून भागत नाही. भाताची खाचरेही पाण्याने भरावी लागतात.

तिसरा थर रस्ते, नद्या, रूळ आणि इमारतींचा. त्याचा मोठा आधार 2004 मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर ऑगस्ट 2020 मध्ये आला, तेव्हा मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात आकाशाला भिडलेला सुळका दिसू लागला. कोणीतरी 2 मजल्यांऐवजी 212 टंकले होते. नकाशात ती चूक नंतर सुधारली गेली, पण सिम्युलेटरने घेतलेली प्रत त्याआधीची होती. विमानतळाचा थर तर याहून नाजूक. लोहगावच्या धावपट्टीवरचे 10 आणि 28 हे आकडे चुंबकीय दिशेच्या अंशांवरून येतात. चुंबकीय उत्तर सरकत असल्याने असे आकडेही कायमचे नसतात.

मग ताजी तारीख हीच खरी का? तसे नाही. शिकागोचे मेग्ज फील्ड मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्या अनेक आवृत्त्यांत उड्डाणाची पहिली जागा होते. मार्च 2003 च्या अखेरीस एका रात्रीत त्याची धावपट्टी बुलडोझरने उखडली गेली. हौशी कलाकारांनी ते नंतरही पुन्हापुन्हा उभारले, आणि ती सीनरी खोटी नाही. ती मेग्ज चालू असतानाची आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. तो दिवस साकारायचा असेल, तर जुहूभोवतीचे आजचे शहर पुसायला हवे. खोटेपणा येतो तो दोन तारखा नकळत मिसळल्या की.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. उपग्रहचित्रे सहसा कोणाच्या तरी मालकीची असतात. ती वाटता येत नाहीत. टाइल कशी बनवली याची कृती वाटावी, चित्र ज्याने त्याने आणावे. लोहगाव हवाई दलाचे ठाणे आहे. अशा जागी अधिकृतपणे प्रसिद्ध झालेली माहितीच वापरावी, कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभे राहू नये.

पहिल्या सीनरीसाठी मोठा विमानतळ निवडू नका. जिथे तुम्हाला स्वतः चालत जाऊन झाड, टाकी आणि टेकडी मोजता येईल, अशी जागा घ्या. आणि सोबतच्या माहितीच्या फाइलीत तीन ओळी न चुकता लिहा : उंची कोणत्या वर्षाची, छायाचित्र कोणत्या महिन्यातले, इमारती केव्हाच्या. उलव्याची टेकडी तुमच्या सीनरीत ठेवायची की काढायची, हे त्या तीन ओळींवरून ठरेल.