शिशाची सद्दी

साउथॅम्प्टनला राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे एक जुनी शिडाची बोट आहे. बोटीतले दिवे, फ्रीज, रेडिओ, ऑटोपायलट ज्यांच्यावर चालतं (त्यांना तिकडे 'हाउस बॅटरी' म्हणतात, इंजिन सुरू करायची वेगळी) त्या चारही बॅटऱ्या आता दम टाकायला लागल्यात. शिशाच्या काढून लिथियमच्या टाकाव्यात असं त्याच्या मनात आहे. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, चिपळूणहून फर्मान काढलंय: "लिथियम पेट घेतं. भर समुद्रात पळणार कुठे?" ताई मध्ये अडकलीये. मी पंचवीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून काढली (जहाजावर आम्हाला 'बत्तीसाब' म्हणतात!), त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला.

फोनवर सांगून झालं, पण भावोजींच्या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे आणि तो फोनवर मावत नाही. म्हणून हे.

बोटीवर वीज शिशाच्याही आधी आली. 1838 साली याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत विजेवर बोट चालवून दाखवली. पण त्याच्या बॅटऱ्या एकदाच वापरायच्या. जस्त संपलं की खेळ संपला. परत परत भरता येणारी बॅटरी 1859 मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने केली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, गुंडाळी करून सौम्य गंधकाम्लात बुडवलेली. बस्स. 1881 मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगांचा लगदा लावून ती कारखान्यात बनवण्याजोगी केली आणि लगेच पुढच्याच वर्षी लंडनच्या थेम्स नदीत अशा 45 बॅटऱ्या घातलेली 'इलेक्ट्रिसिटी' नावाची बोट धावली. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात तर अशा पन्नासहून अधिक बोटी लोकांना फिरवत होत्या. आपण समजतो इलेक्ट्रिक बोट म्हणजे एकविसाव्या शतकाची गोष्ट!

रस्त्यावरच्या विजेच्या गाड्या पुढे पेट्रोलपुढे हरल्या, त्यात बॅटरीच्या वजनाचा वाटा मोठा. बोटीचं गणित मात्र उलटं आहे. बोटीला तळाशी वजन लागतंच. शिडाच्या बोटींच्या बुडाला मुद्दाम शिसं किंवा बिडाचं लोखंड लावतात. मग त्यातलंच थोडं शिसं वीज साठवत असेल तर कोण तक्रार करणार? माझ्या मते बोटीवर शिसं एवढं टिकलं याचं निम्मं कारण हेच.

आता भावोजींच्या मुद्द्याकडे येतो. शिसं गरीब गाय आहे असं त्यांना वाटतं. पाणबुडीवाल्यांना विचारा. या बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर आम्लाशी गाठ पडून क्लोरीन वायू होतो. चार्ज करताना हायड्रोजन सुटतो, तो कोंडला तर एक ठिणगी पुरते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पाणबुड्यांतले लोक याला इतके वैतागले होते की खुद्द थॉमस एडिसन मैदानात उतरला. त्याची निकेल-लोखंडाची बॅटरी आम्लाऐवजी अल्कलीवर चालणारी. आम्लच नाही तर क्लोरीन कुठला? सुरक्षित बॅटरी म्हणून तिचा गाजावाजा झाला आणि अमेरिकी नौदलाने 'ई-2' या पाणबुडीत ती बसवली.

15 जानेवारी 1916 ला ब्रुकलिनच्या गोदीत त्या बॅटऱ्यांची चाचणी चालू असताना पाणबुडीच्या पोटात स्फोट झाला. किमान चार माणसं गेली. क्लोरीन नव्हताच, पण हायड्रोजन होता आणि तो बाहेर काढायची व्यवस्था पुरी पडली नाही. एक धोका घालवताना दुसरा आत आला. नौदल मुकाट्याने शिशाकडे परतलं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बॅटरी बदलणं म्हणजे टॉर्चचे सेल बदलणं नव्हे. तिच्याभोवतीची हवा, तारा, चार्जर आणि माणसांच्या सवयी, सगळं जुन्या बॅटरीच्या मापाने बेतलेलं असतं.

आणि शिशाकडे परतल्याने हायड्रोजन काही गेला नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये विशाखापट्टणमला आपल्या 'सिंधुरक्षक' पाणबुडीत आग लागून एक नौसैनिक गेला. बॅटरीच्या सदोष व्हॉल्व्हमधून गळलेला हायड्रोजन हेच कारण सांगितलं गेलं.

मग लिथियम? भावोजी, लिथियम ही एक वस्तू नाही, ते आडनाव आहे. 1991 मध्ये सोनीने बाजारात आणलेली बॅटरी कोबाल्टवाली. फोनमध्ये कोबाल्टचा हा वंश चालतो. बिघडली, तापली की ती स्वतःच ऑक्सिजन सोडते, म्हणून आग विझता विझत नाही. दुसरी शाखा 1997 ची, लोह-फॉस्फेटची. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याबरोबर त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंदस्वामी अशी आपल्याकडची दोन नावं आहेत. (गुडइनफना 2019 चं नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते!) फॉस्फेट आपला ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे ती पेटायला बरीच कुचराई करते. बोटींत घरगुती वापराला आता बहुतेक हीच टाकतात.

तरी भावोजींची भीती अगदीच फोल नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये नॉर्वेच्या एका फेरीबोटीच्या बॅटरीखोलीत आग लागली. ती विझवली आणि दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूचा स्फोट झाला. पुन्हा कोंडलेला वायूच! दुसऱ्या बाजूला केरळात वैकोमची 'आदित्य' ही सौर फेरीबोट 2017 मध्ये लिथियमवर सुरू झाली, आणि मार्च 2020 मध्ये जपानने 'ओर्यू' पाणबुडीत शिसं काढून लिथियम घातलं. पाणबुडीवाल्यांसारखे शंकेखोर लोक वळले म्हणजे काहीतरी विचार करूनच.

तेव्हा माझा निवाडा: बदल, पण लोह-फॉस्फेटच घे आणि अर्धवट बदलू नकोस. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच वीज कमी ओढते, लिथियम शेवटपर्यंत हावरटासारखी ओढते. इंजिनावरचा जुना अल्टरनेटर त्या ओढीने जळू शकतो, आगीचं खरं मूळ बरेचदा तिथे किंवा बारीक तारेत असतं. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, बॅटरीलगत योग्य फ्यूज हवा आणि शून्याच्या खाली थंडी गेली की चार्जिंग बंद. हे सगळं धरून खर्च परवडत नसेल तर सरळ नवं शिसं टाक, त्यात कमीपणा नाही.

भाच्याने खर्चाबद्दल चकार शब्द काढला नाही. चार शिशाच्या बॅटऱ्या म्हणजे शंभरेक किलो. त्यांच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, म्हणून लिथियमच्या दोन पुरतात, मिळून पंचवीस किलो. "मामा, डावीकडच्या बाकाखालून पाऊणशे किलो गेलं तर बोट उजवीकडे कलेल ना?" कलेल की. पिण्याच्या पाण्याचे कॅन डावीकडे ठेव म्हटलं.