भातावरचा आळ

वजन उतरवायचं तर आधी भात सोडा, हा सल्ला द्यायला आता डॉक्टर लागत नाही. सिल्वासाच्या सोसायट्यांत, मसाटच्या कारखान्यांच्या फाटकाशी, खानदेशातून नि नाशिककडून इथे नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांत तो शेजारी देतो, मेहुणा देतो, मोबाइलवरचा व्हिडिओ तर रोज देतो. भातामागून साखर, मग बटाटा, मग केळं, मग रात्रीचं जेवण अशी यादी वाढत जाते, पण पहिला बळी भाताचाच. ज्या मुलखात खाचरात भात आणि माळावर नागली हीच पिढ्यान्‌पिढ्यांची पिकं, तिथेच भातावर हा आळ यावा याची मला मौज वाटते. तरी हे मत थट्टेवारी नेण्याजोगं नाही. त्याचे समर्थक अडाणी नाहीत, म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा.

ते म्हणतात, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो लवकर पचतो, रक्तातली साखर चढते, तिच्यापाठोपाठ इन्सुलिन चढतं आणि इन्सुलिन शरीराला चरबी साठवायला लावतं. भारतीय माणसाच्या आहारात निम्म्याहून बरीच अधिक ऊर्जा पिष्टातूनच येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली आले. त्यांत 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आणि 39.5 टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा असल्याचं दिसलं. 21 देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या 2020च्या एका अभ्यासात रोज भरपूर पांढरा भात खाणाऱ्यांमध्ये मधुमेह अधिक आढळला आणि हा संबंध दक्षिण आशियात सर्वांत ठळक होता. शेवटी येतो तो पुरावा ज्यापुढे भले भले गप्प बसतात: ‘मी भात सोडला आणि आठ दिवसांत दोन किलो उतरले.’

शेवटच्या पुराव्यापासूनच सुरुवात करू, कारण तो खोटा नाही. काटा खरंच खाली येतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन साठलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पिष्ट एकाएकी तोडलं की हा साठा वापरला जातो, त्याबरोबरचं पाणीही निघून जातं, आणि आठवड्याभरात दीड-दोन किलोंचा फरक दिसतो. एक किलो चरबी जाळायची तर जवळजवळ 7,700 उष्मांकांची तूट यावी लागते. रात्रीची वाटीभर भाताची तूट आठ दिवसांत दीड हजारांच्याही आत राहते. म्हणजे उतरलं ते बहुतांशी पाणी. पुढे महिन्याभराने एखाद्या लग्नात पंगतीला मसालेभात खाल्ला की हेच पाणी परत येतं. तेव्हा तो गृहस्थ ‘बघा, एक दिवस भात खाल्ला नि दीड किलो वाढलो’ असं सांगत आपलं मत आणखी घट्ट करून घेतो. चूक तपासायचं साधनच चुकीला दुजोरा देऊ लागलं, तर ती चूक जायची कशी?

आता कार्यकारणाकडे येऊ. आपल्या न्यायशास्त्रात याला पक्की कसोटी आहे. जिथे कारण तिथे कार्य हा अन्वय, आणि कारण नाही तिथे कार्य नाही हा व्यतिरेक. त्यातही नैयायिकांनी उपाधीची अट घातली. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष आहे. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. ओलं सरपण ही उपाधी. ती वगळून अग्नी नि धूर यांचा संबंध सांगणारा फसतो. भात सोडल्याने वजन उतरतं या विधानालाही अशीच उपाधी चिकटलेली आहे का, एवढंच पाहायचं आहे.

लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या, अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थाने 1863 साली एक पुस्तिका छापली. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून आपण वर्षभरात 46 पौंड उतरलो, हा त्यातला वृत्तान्त. पिष्ट सोडण्याच्या आजच्या साऱ्या पद्धतींचा मूळपुरुष तोच. त्याच्या नेमकं उलट टोक म्हणजे डॉ. वॉल्टर केम्पनर. जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या या डॉक्टरने ड्यूक विद्यापीठात 1939 पासून रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना जो आहार दिला त्यात होता भात, फळं, फळांचे रस आणि साखर. पांढरा भात आणि वर पांढरी साखर! पुढे हाच आहार त्याने अतिस्थूल रुग्णांसाठी मोजून कमी केला, जोडीला व्यायाम लावला आणि 1975 साली 106 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येकाचं वजन किमान 45 किलो उतरलेलं, सरासरी जवळजवळ 64 किलो. केम्पनरच्या उपचारपद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत आणि असा आहार कुणी घरी करू नये, हेही इथेच सांगतो. पण तर्कापुरतं पाहा. एकाने पिष्ट सोडलं, दुसऱ्याने जवळजवळ पिष्टच खायला घातलं, आणि दोन्हीकडे माणसं बारीक झाली. मग पिष्ट हे कारण कसं ठरेल? दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट एकच: पोटात जाणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी झाली. ओलं सरपण ते हे.

जपानचा दाखलाही याच अंगाचा. तिथे माणशी तांदळाचा खप 1962 साली वर्षाला 118 किलोंवर गेला होता; आता तो निम्म्याहूनही खाली आला आहे. भात निम्मा झाला, तेव्हा पुरुष निम्म्याने बारीक झाले काय? उलट तिथल्या पुरुषांचं सरासरी वजन या काळात वाढलं.

माझ्या बाजूचा म्हणून एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो, तो मात्र मला नको आहे. वारली, कोकणा, धोडिया माणसं ताटभर भात खातात आणि सडपातळ असतात, तेव्हा भात निर्दोष, असं म्हणतात. दादरा-नगर हवेलीच्या पाड्यांवरचं सडपातळपण उतारावरच्या शेतीचं, मैलोन्‌मैल पायपिटीचं आणि कितीदा तरी अर्धपोटी राहण्याचंही असतं. कुपोषणाला आरोग्याचा दाखला म्हणून फिरवणं मला पटत नाही.

आता भाताऐवजी काय, हे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात 356 उष्मांक, बाजरीत 348, ज्वारीत 334, नागलीत 321, गव्हाच्या आट्यात 320. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात सोडून तेवढ्याच नागलीची भाकर खाल्ली तर वाचतात जेमतेम अठरा उष्मांक. नागलीत तंतू तांदळाच्या चौपट आहेत, कॅल्शियम विपुल आहे, आणि मधुमेह्याला तिचा उपयोग आहे; पण वजनाच्या हिशेबात ती चमत्कार करत नाही. त्या भाकरीवर चमचाभर तेलात परतलेली चटणी आली की अठरा जाऊन पंचेचाळीस आले. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ उष्मांक, आणि तेल सोडल्याची बढाई मारणारा मला अजून भेटायचा आहे.

सिल्वासाला आणखी एक हिशेब करायला हवा. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही. शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्यांनी इथले रस्ते भरतात. भात सोडलेले आमचे काही मित्र निर्धास्तपणे सांगतात की व्हिस्कीत साखर नसते. खरं आहे. पण साठ मिलीलीटरच्या एका पेगमध्ये वीसेक ग्रॅम मद्यार्क असतो, आणि त्याच्या दर ग्रॅमला सात उष्मांक. दोन पेगांचे दोनशे ऐंशी, सोबतच्या मूठ-दीड मूठ खाऱ्या शेंगदाण्यांचे अडीचशेच्या पुढे. तीन वाट्या भात तिथेच संपला, आणि पोट मात्र रिकामंच.

इन्सुलिनच्या सिद्धान्ताला उत्तर द्यायचं राहिलं. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने 609 प्रौढांना वर्षभर दोन गटांत विभागलं: एक कमी स्निग्ध खाणारा, दुसरा कमी पिष्ट खाणारा. 2018 साली निकाल आला. पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6.0. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक शून्य. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन अधिक स्रवतं त्यांना पिष्ट सोडणं जास्त मानवेल, हा अंदाजही टिकला नाही. दोन्ही गटांना सूचना मात्र एक सारखी होती: साखर आणि मैद्याचे पदार्थ कमी, भाज्या अधिक, शक्यतो घरचं ताजं अन्न.

इथे मराठी वाचकाला 2018-19चा वाद आठवेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा धागा पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, तेव्हा कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळा जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडंथोडं, वेळच्या वेळी खा. भातही खा, तूपही खा. घराघरांत दोन तट पडले. दोन जावांनी दोन पंथ धरल्याने स्वयंपाकघराचं वेळापत्रक कोलमडलेलीही घरं होती. दोन्हीकडचे अनुयायी बारीक झाले, आणि दोन्हीकडचे पुष्कळसे वर्षभरात मूळ पदावर आले. मला यात विरोधाभास दिसत नाही. दीक्षितांच्या शिस्तीत मधल्या वेळचा वडापाव बसत नाही, दिवेकरांच्या शिस्तीत पाकिटबंद बिस्कीट बसत नाही. जी गोष्ट दोघांनीही दाराबाहेर ठेवली तिच्याकडे भांडणाऱ्यांचं लक्ष गेलं नाही. केव्हिन हॉल यांनी 2019 साली अमेरिकेत वीस जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवून हेच तपासलं. पिष्ट, स्निग्ध, साखर, तंतू जुळवून समोर ठेवले आणि हवं तेवढं खायला सांगितलं. कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना माणसं रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खात होती.

सोडण्यावर आपला एवढा भरवसा का बसतो, याचं उत्तर मला आहारशास्त्रात कमी आणि चातुर्मासात अधिक सापडतं. काशीला जाऊन आवडती वस्तू सोडायची, चार महिने कांदा-लसूण-वांगं वर्ज्य करायचं, हा संस्कार मुरलेला आहे. व्रत म्हणून तो आदराचाच. पण त्या व्रतांच्या दाराशी काय उभं असतं ते पाहा. कांदा बंद होण्याआधी कांदेनवमी, आणि श्रावण लागण्याआधी ती प्रसिद्ध अमावास्या! एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची बशीभर खिचडी शेंगदाण्यांच्या कुटासह आणि तुपासह सहज पाचशे उष्मांकांच्या पुढे जाते. (गमतीची गोष्ट अशी, की उपासाला चालणारे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळं, मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. युरोपीय दर्यावर्द्यांच्या हातून जगभर पसरलेल्या या मंडळींना उपासाच्या पानात जागा मिळाली, आणि इथला हजारो वर्षांचा तांदूळ बाहेर बसला.) मनोवैज्ञानिकांनी 1975 साली अमेरिकेत विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग याच जातीचा आहे. एरवी खाण्यावर बंधन पाळणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर नंतर त्यांनी आइस्क्रीम कमी खाल्लं नाही, उलट जास्त खाल्लं. नेम मोडलाच आहे, तर आता मोजायचं कशाला? निषिद्ध वस्तूंची यादी जेवढी कडक, तेवढा तिचा भंग महाग पडतो.

म्हणून काहीच सोडू नये, असं माझं म्हणणं नाही. पेयांतली साखर सोडावी. शिफ्टमधल्या पाच कटिंगांत दोन-दोन चमचे धरले तर दिवसाला चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते, आणि त्याने भूक तसूभर भागत नाही. तिच्याजागी गोड गोळ्या घालण्यातही अर्थ नाही. वजन उतरवण्यासाठी त्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितलं आहे. मधुमेह्याने भात कमी करावा, सोबत डाळ, उसळ, पालेभाजी वाढवावी. मात्र गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरला न विचारता जेवण टाळू नये, कारण साखर एकदम घसरते. बाकीच्यांनी भात खावा, वाटीने मोजून, डाळीबरोबर.

भात सोडण्याच्या सल्ल्याला एक वर्गही आहे, आणि तो मला जास्त खटकतो. ‘भात सोडून पनीर, अंडी, सॅलड खा’ हे केबिनमधल्या माणसाला परवडतं. प्लास्टिकच्या किंवा धाग्याच्या युनिटमध्ये बारा तास यंत्रापुढे उभा राहणारा हेल्पर तोच व्हिडिओ बघून डब्यातला भात काढतो, त्याजागी घालायला त्याच्याकडे काही नसतं. पहाटे तीनला भूक लागली की फाटकासमोरच्या टपरीवर गाठिया, वडापाव नाहीतर क्रीमची बिस्किटं मिळतात. सूर्यास्ताआधी जेवा नि दहाला झोपा, हा नियम रात्रपाळीच्या माणसाला सांगणं म्हणजे त्याची चेष्टाच. त्याला उपयोगी पडेल ती वेगळी गोष्ट: पाळीवर जाण्याआधी पोटभर वरण-भात-भाजी, मध्यरात्री डब्यात भाजलेले चणे किंवा भाकर-उसळ, आणि टपरीचा चहा बिनसाखरेचा.

1948च्या कारखाने कायद्याने 250पेक्षा जास्त कामगार असतील तिथेच उपाहारगृह सक्तीचं केलं होतं. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा 100 कामगारांवर आणली आहे. मसाटसारख्या वसाहतींतली लहान युनिटं तरीही या आकड्याच्या खालीच राहतात, आणि त्यांच्या कामगाराचं रात्रीचं खाणं काय असावं हे टपरीवाल्याच्या कढईवर ठरतं.