वस्तऱ्याची शेवटची धार: नैसर्गिक निसण्यावर फिनिशिंग कसं करतात?

सलूनमध्ये हल्ली दिसतो त्या वस्तऱ्यात अर्धी पत्ती घालतात आणि गिऱ्हाईक बदललं की पत्तीही बदलतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी हे आजार रक्तातून पसरतात, त्यामुळे हा बदल योग्यच आहे. पण आजोबांच्या धोकटीतला घडीचा, अख्ख्या पोलादी पात्याचा वस्तरा अजूनही काही घरांत सापडतो, आणि ऑनलाइन नवेही मिळतात. तो वापरायचा असेल तर एक वस्तरा एकाच माणसाने वापरायचा, हे पक्कं ठरवा. दुसरं म्हणजे बोथट वस्तरा जास्त कापतो. तो केस ओढतो, मग हात आपोआप जोर लावतो.

फिनिशिंग म्हणजे नेमकं काय?

धार टप्प्याटप्प्याने होते. १००० नंबरच्या कृत्रिम दगडावर पात्याच्या दोन्ही बाजू घासून कडेवर नीट एकत्र आणायच्या. मग ४००० आणि ८००० वर आधीचे ओरखडे बारीक करत जायचं. सगळ्यात शेवटी निसण्यावर कड गुळगुळीत करायची, हे फिनिशिंग. पहिल्या टप्प्यात कड जुळली नसेल तर पुढचा दगड कितीही महाग असो, काही उपयोग नाही. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

नैसर्गिक दगडाला खात्रीचा नंबर नसतो. जगात नाव असलेले दगड म्हणजे बेल्जियमचा कोटिक्यूल (यात गार्नेटचे बारीक कण असतात), जपानमध्ये क्योटोच्या आसपासचे दगड आणि अमेरिकेतला आर्कान्सा, जो जवळजवळ शुद्ध सिलिका असतो.

मग बुलढाण्याचा दगड चालेल का?

आपला जिल्हा बेसाल्टवर बसलाय. पाटा-वरवंटाही त्याच काळ्या दगडाचा, आणि तो खरखरीत व्हावा म्हणून त्याला मुद्दाम टाकी लावतात. बेसाल्टमध्ये वेगवेगळ्या खनिजांचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे पृष्ठभाग एकसारखा झिजत नाही. विळ्याला, कोयत्याला तो ठीक आहे, वस्तऱ्याला नको. ओट्याचा कडप्पाही नको. ती चुनखडी, पोलादापुढे फार मऊ.

मात्र याच बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये अकीक तयार होतो. तो म्हणजे अतिशय बारीक कणांचा क्वार्ट्झ, आणि सपाट केलेल्या अकीकावर वस्तरा उत्तम फिनिश होतो. गुजरातेत खंबातला अकीक घासून चकचकीत करण्याचा धंदा फार जुना आहे. अकीक कापून, सपाट करूनच विकत घ्या, घरी कापणं जमणारं काम नाही. आणि लोणारच्या विवरातून दगड उचलायचा विचार डोक्यातून काढा. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे.

हात कसा चालवायचा?

आधी दगड सपाट करा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर वॉटर पेपर ठेवून दगड घासा आणि सगळ्या रेषा एकदम पुसल्या जाईपर्यंत थांबू नका. मग पाणी टाका. पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली राहिली पाहिजेत. कोन पाठच सांभाळते, तुम्ही काही मोजायचं नाही. धार पुढे ठेवून सरकवा, वळवताना पाठीवरून वळवा. पातं बऱ्याचदा दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं, म्हणून सरळ न नेता तिरकं ओढायचं, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. जोर मुळीच नको, वस्तऱ्याचं वजन पुरतं.

कोटिक्यूलसारख्या दगडावर छोटा तुकडा घासून दुधासारखा गाळ काढतात. त्यावर सुरुवात करून थेंब थेंब पाणी घालत गाळ पातळ करत न्यायचा आणि शेवटचे हात नुसत्या स्वच्छ पाण्यावर मारायचे. अकीकावर असा गाळ निघत नाही. तो हळू काम करतो, शंभर हात मारावे लागले तरी कंटाळू नका.

मोबाईलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स असेल तर आता ती काढा. दिव्याखाली कड समोरून बघा. कडेवर पांढरी चमक दिसली तर तिथे धार बोथट आहे. अंगठा फिरवून बघू नका.

यानंतर चामड्याचा पट्टा. इथे उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणून धरा, चाळीस-पन्नास फेऱ्या मारा. ढिल्या पट्ट्यावर कड गोल होते.

आठवडी बाजारात सायकलवरच्या चाकावर धार लावून मिळते. तिथे कात्री द्या, वस्तरा नाही. चाकाच्या उष्णतेने पातळ कडेचं पाणी उतरतं, आणि पातं एकदा निळं पडलं की तेवढा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नसतो.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं खारं पाणी धारेवर राहिलं तर गंज लवकर चढतो. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा, कोरडं पुसा, तेलाचं एक बोट फिरवा आणि बाथरूमबाहेर ठेवा.

दाढीआधी दरवेळी पट्टा पुरतो. केस ओढू लागले की पुन्हा निसण्यावर वीसेक हात मारा. १००० नंबरचा दगड मात्र धारेला खाच पडल्याशिवाय बाहेर काढू नका, प्रत्येक वेळी पातं तेवढं कमी होतं.