एका सॉफ्टवेअरची सनद

‘सनद’ हा शब्द मराठीतही आहे आणि उर्दूतही. मराठीत सनद म्हणजे सरकारने दिलेला हक्काचा कागद. हदीसशास्त्रात सनद म्हणजे रावींची साखळी: हे वचन कोणी कोणाकडून ऐकले आणि त्याने कोणाकडून. साखळीतला एक रावी जरी भरवशाचा नसला, तरी रिवायत ‘जईफ’ ठरू शकते. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हा फरक मी वर्गात नेहमी सांगतो. ही दुसऱ्या अर्थाची सनद मला संगणकाच्या इतिहासातही सापडली, म्हणून हा लेख.

वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान पोहोचवणारा प्रोग्रॅम. १९९९ च्या सुमारास डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला की, एका संगणकाने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? त्या काळचा लोकप्रिय सर्व्हर अपाचे हा साधारणपणे प्रत्येक जोडणीसाठी एक वेगळी प्रक्रिया गुंतवून ठेवत असे. गर्दी वाढली की मेमरी संपायची. २००३ मध्ये यान क्नेश्के या जर्मन प्रोग्रॅमरने या प्रश्नाला उत्तर म्हणून एक हलका सर्व्हर लिहिला. त्याला लाडाने ‘लाइटी’ म्हणतात. त्याची रीत दस्तरखानावरच्या चपळ वाढप्यासारखी आहे. एका पाहुण्यामागे एक वाढपी उभा करण्याऐवजी एकच वाढपी सगळीकडे नजर ठेवतो आणि ज्याला हवे त्याच्याकडे वळतो. त्यामुळे जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावरही काम भागते.

पण प्रोग्रॅम लिहिला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचला असे होत नाही. मधे आणखी एक माणूस लागतो. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘डेबियन’ या लिनक्स वितरणात त्याला ‘मेंटेनर’ म्हणतात. तो बहुधा स्वयंसेवक असतो. मूळ लेखकाचा कोड घेऊन तो त्याचे पॅकेज बांधतो. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. सर्व्हरला आणखी कोणती सॉफ्टवेअरे लागतात हे नोंदवायचे. परवाना तपासायचा. सर्व्हर कमी अधिकाराच्या वेगळ्या खात्याखाली चालेल अशी व्यवस्था करायची, म्हणजे कोणी त्यात घुसलाच तरी सगळे यंत्र त्याच्या हाती जाणार नाही. वापरकर्त्याने सेटिंगमध्ये केलेले बदल नव्या आवृत्तीने न विचारता पुसू नयेत. आणि प्रत्येक बदल तारखेसह, स्वतःच्या नावाने लिहून ठेवायचा. पॅकेज पाठवताना त्यावर डिजिटल सही लागते. हीच ती सनद.

मग चाचणी. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ शाखेत जाते. २००० च्या अखेरीस डेबियनने ‘टेस्टिंग’ ही मधली पायरी आणली. जुन्या नियमाप्रमाणे साधे पॅकेज दहा दिवस थांबे. तातडी असेल तर कमी. या काळात गंभीर दोष सापडला की वाट बंद. एप्रिल २००७ मध्ये ‘एच’ नावाची स्थिर आवृत्ती निघाली, त्यात लाइटीही होता. ही आवृत्ती अकरा प्रकारच्या प्रोसेसरांसाठी बांधलेली होती.

मात्र त्याच ‘एच’मध्ये एक घोर चूक दडलेली होती. २००६ मध्ये गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’च्या पॅकेजमधून, एका तपासणी साधनाने दिलेला इशारा टाळण्यासाठी, कोडच्या दोन ओळी काढल्या गेल्या. बदल करण्याआधी मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारलेही होते. पण त्या ओळींबरोबर किल्लीतला योगायोगही गेला. एका प्रकारच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६७ वेगवेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या. चोराने एकेक लावून पाहाव्यात इतक्या कमी. किल्ली बनत होती, सर्व्हर चालत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी ही चूक शोधली. डेबियनने ती जाहीरपणे मान्य केली आणि लोकांना किल्ल्या बदलायला सांगितले. बदलांची नोंद उघडी होती, त्यामुळे चूक कधी शिरली, कशी शिरली, हे कोणालाही पाहता आले.

याच्या उलट घटना मार्च २०२४ ची. ‘एक्सझेड’ या छोट्या प्रकल्पात एका इसमाने दोनेक वर्षे विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा पाठलाग करत आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो पकडला. तोवर तो डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’मध्ये पोहोचला होता, ‘स्टेबल’मध्ये नव्हता. ‘स्टेबल’पर्यंत पोहोचण्याआधीच्या पायऱ्यांनी मिळालेला वेळ कामी आला.

या दोन घटना मला एकच गोष्ट सांगतात. सनद चूक होऊ देणार नाही अशी हमी नसते. रावी प्रामाणिक असूनही चुकतो, आणि कधी रावीच खोटा निघतो. सनदेमुळे तपासाची वाट मात्र उघडी राहते. मुहद्दिसांनी रावींची चरित्रे लिहून ठेवली ती याचसाठी.

आज आपल्या फोनवर इतिहासाच्या नावाने रोज मजकूर येतो. कधी आपल्याला सुखावणारा, कधी आपल्याविरुद्ध भडकवणारा. त्यावर नाव नसते, तारीख नसते, आणि पुढे पाठवण्याआधी कोणी दहा मिनिटेही थांबत नाही. पानभर मजकूर पोहोचवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमसाठी अनोळखी माणसे एवढी अमानतदारी पाळतात. माणसांविषयी काही पुढे पाठवताना आपण निदान एवढे तरी विचारावे: हे कोणाकडून आले?