गालिचा बसविणे

गालिचा बसविणे : खोलीच्या संपूर्ण जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरून तो शेकोटी, खांब, नळ, उंबरठा इ. अडथळ्यांभोवती बेतून बसविण्याची कारागिरी. इराण, तुर्कस्तान व भारत येथील हातविणीच्या गालिच्यांची नक्षी व काठ स्वयंपूर्ण असल्याने ते सहसा कापले जात नसत. जयपूरच्या राजघराण्याच्या संग्रहातील सतराव्या शतकातील काही मोगल गालिचे मागावरच वक्राकार विणलेले असून ते सिंहासनाभोवती वा चौथऱ्याभोवती बसावेत, असा त्यामागील हेतू मानला जातो.

खोलीनुसार गालिचा कापून बेतण्याची प्रथा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वाढली. किडरमिन्स्टर येथे १७४९ मध्ये ब्रुसेल्स पद्धतीचा माग सुरू झाला. अशा मागांवरील सुमारे ६९ सेंमी. (२७ इंच) रुंदीच्या पट्ट्या नक्षी जुळवून शिवीत व कडेने वेगळा काठ लावीत. विणलेल्या गालिच्याची कापलेली कड उसवत असल्याने ती दुमडून खिळ्यांनी ठोकावी लागे. अमेरिकेत ई. बी. बिगेलो यांनी १८४० च्या सुमारास यंत्रमाग विकसित केल्यावर गालिचे मध्यमवर्गाच्या आटोक्यात आले. १९५० नंतर जॉर्जिया राज्यातील डॉल्टन परिसरात पाठवस्त्रात सुयांनी सूत ओवून रुंद गालिचे तयार होऊ लागले. त्यांच्या पाठीवर रबरी लेप असल्याने ते कापणे सुकर झाले.

बसविताना गालिचा प्रथम मापापेक्षा थोडा अधिक ठेवतात व सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेस राखतात. अन्यथा रंगछटा भिन्न दिसते. शेकोटीच्या ओट्यापाशी कोपऱ्यातून तिरपा छेद देऊन बाजू खाली बसवितात. नळासाठी भिंतीकडील कडेपासून नळापर्यंत सरळ छेद व त्याच्या टोकाशी लहान आडवे छेद देतात, त्यामुळे सांधा नळामागे झाकला जातो. वक्र बैठकीच्या वस्तूंसाठी कागदाचा साचा वापरतात. गालिचा पाठीकडून कापावयाचा असल्यास साचा उलटा ठेवावा लागतो. ही दक्षता न घेतल्यास तुकडा वाया जातो. अखेरीस भिंतीलगतच्या तिरप्या खिळ्यांच्या पट्ट्यांवर गालिचा ताणून अडकवितात.

या नेटकेपणाची किंमत कारागिराच्या गुडघ्यांना मोजावी लागते. गालिचा ताणण्याच्या एका प्रचलित हत्याराला गुडघ्याने वारंवार जोराचा धक्का द्यावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९० मध्ये याविषयी इशारा दिला. देशातील कामगारांत गालिचा बसविणाऱ्यांचे प्रमाण ०·०६ टक्क्यांहून कमी असूनही गुडघ्याच्या आघातजन्य इजांच्या भरपाईच्या दाव्यांपैकी ६·२ टक्के दावे त्यांचे असल्याचे तीत नमूद होते. तरफेवर चालणारे ताणयंत्र व गुडघ्यांवरील गाद्या वापरण्याची शिफारस तीत केलेली आहे. तथापि अडथळ्यांभोवतीच्या अरुंद जागेत लांब दांड्याचे ताणयंत्र मावत नाही. त्यामुळे सर्वांत कौशल्याचे काम आजही गुडघ्यांवर बसून व हातानेच करावे लागते.