पंढरीचा उतारा

पंढरपूरची कायमची वस्ती एक लाखाच्या आसपास आहे. आषाढी एकादशीला याच गावात दहा लाखांहून अधिक माणूस येतो. दशमीला पालख्या गावात शिरतात, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की परतीला लागतात. एवढ्या चार-सहा दिवसांत लॉजमधल्या साध्या खोलीचा दर एरवीच्या कितीतरी पट होतो, आणि तो मोजूनही खोली मिळेलच असे नसते. गर्दीच्या तोंडावर भाडे चढण्याची ही तक्रार आज गोव्यात डिसेंबरअखेरीस आणि महाबळेश्वरात मे महिन्यात ऐकू येते. पंढरपूरला ती जुनी आहे, आणि तिच्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत.

वारकऱ्याच्या बोलीत मुक्कामाच्या जागेला ‘उतारा’ म्हणतात. ‘यंदा उतारा कुठं?’ या प्रश्नाचे उत्तर पूर्वी बहुधा एखाद्या घराचे नाव असे. बडवे, उत्पात आणि इतर सेवाधारी घराणी, तसेच क्षेत्रोपाध्ये यांचे वाडे मंदिराच्या भोवतीच्या गल्ल्यांत होते. उपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या असत. आजोबा ज्या घरी उतरले त्याच घरी नातू उतरे. जागेचे भाडे असे ठरत नसे. पूजा, नैवेद्य, दक्षिणा आणि उतारा या सगळ्यांचा मिळून एक व्यवहार होई. या व्यवस्थेत ओळख होती, आजारपणात आधार होता. पण किती द्यायचे हे आधी माहीत नसल्याने निघताना दक्षिणेवरून कुरबुरही होई. यात्रेकरूला लुबाडणारे उपाध्याय आणि यात्रेकरूला घरचा मानणारे उपाध्याय, दोन्ही खरे होते.

यात्रेत अशा वाड्याचे रूप पालटे. घरची माणसे माजघरात आणि स्वयंपाकघरात आवरून घेत. ओसरी, सोपा, पडवी, माडी, जिन्याखालची जागा यात्रेकरूंना मोकळी होई. जिथे भाडे घेतले जाई तिथे दर खोलीचा नसे, माणशी असे. ज्याच्या वाट्याला भिंतीची कड आली तो नशीबवान, कारण त्याला वळकटी टेकवायला जागा मिळे. चौकात तीन दगडांच्या चुली मांडल्या जात, आडावर पाण्यासाठी पहाटे तीनपासून रांग लागे. ही पद्धत अजून पुरती गेलेली नाही. मंदिर परिसरातली कित्येक कुटुंबे आजही आषाढीत आपले घर माणशी दराने देतात, आणि त्या आठवड्याच्या मिळकतीवर त्यांचे वर्षाचे काही ठरावीक खर्च भागतात.

दुसरा आधार मठांचा आणि फडांचा. वारकरी संप्रदायात वासकर, देहूकर, शिरवळकर, आजरेकर, सातारकर असे फड, म्हणजे एकेका परंपरेचे समुदाय, आहेत. फडाच्या वारकऱ्याला फडाच्या मठात उतारा मिळे. काही जण आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाला राहत. चार महिने भाड्याने राहणे शेतकरी कुटुंबातल्या म्हाताऱ्या माणसाला कधीच परवडले नसते. मठात त्याला एक पथारी, दोन वेळचे जेवण आणि दिवसभर कीर्तन-प्रवचन मिळे. मोबदल्यात तो धान्य देई, सेवा करी. राजेरजवाड्यांनीही नदीकाठी वाडे बांधले. होळकरांचा वाडा आणि शिंद्यांचा द्वारकाधीश मंदिराचा वाडा चंद्रभागेच्या घाटावर अजून उभे आहेत. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) काशीपासून रामेश्वरापर्यंत जी बांधकामे केली त्यांत मंदिरांच्या आणि घाटांच्या बरोबरीने धर्मशाळा येतात. तीर्थाला जाणारा माणूस देवापर्यंत पोचण्याआधी त्याच्या पाठीला जमीन हवी, हे त्यांना नेमके कळले होते.

एकोणिसाव्या शतकात सरकारने या विषयात हात घातला. १८६७ च्या सराई कायद्याने प्रवाशांच्या उताऱ्याच्या जागांची नोंदणी आली. जागा स्वच्छ ठेवणे, साथीच्या रोगाची वर्दी देणे आणि दरांचा तक्ता दिसेल असा लावणे ही मालकाची जबाबदारी ठरली. दराची पाटी लावण्याचा हा नियम लहान दिसतो, पण आधी आकडा माहीत असण्याचा हक्क प्रवाशाला त्यातून मिळाला. पंढरपुरात मात्र सरकारचे लक्ष भाड्यापेक्षा पटकीकडे अधिक होते. दाटीने राहिलेल्या यात्रेकरूंत कॉलरा पसरे आणि परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव जाई.

मग रेल्वे आली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद वाट १९०६ मध्ये कुर्डुवाडीकडून पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. पायी येणारा वारकरी दिंडीबरोबर येई, त्याचा उतारा ठरलेला असे. गाडीने येणाऱ्यात एकटे-दुकटे अधिक. अशा माणसाला ना फड, ना उपाध्याय ओळखीचा. स्टेशनवर उतरला की जागा शोधण्यापासून त्याची यात्रा सुरू होई. भाड्याची खोली हा धंदा म्हणून इथून वाढत गेला, आणि चढ्या दराचा चटकाही मुख्यतः याच माणसाला बसू लागला.

काहींना मात्र पैसे मोजूनही जागा मिळत नसे. महार, मांग, चांभार वारकऱ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि वाड्यांतही नव्हता. ते चंद्रभागेच्या वाळवंटात, उघड्यावर, पावसात रात्र काढत. आषाढातला पाऊस आणि नदीचे पाणी लक्षात घेतले म्हणजे याचा अर्थ कळतो. पंढरीच्या मुक्कामाच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम याच बाबतीत झाले, आणि ते गाडगे महाराजांनी केले.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगे महाराज (१८७६–१९५६), हे कीर्तनातून लोकांना देव धर्मशाळेत, शाळेत, अन्नदानात शोधायला सांगत. कीर्तनाने जमलेला पैसा त्यांनी इमारतींत घातला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य वारकऱ्यांसाठी होती. ज्या गावात चोखोबांचे नाव घेत लोक नाचत आणि चोखोबांच्या जातीला पडवीत येऊ देत नसत, तिथे त्या नावाने पक्के छप्पर उभे करणे ही साधी गोष्ट नव्हती. इमारतींची मालकी महाराजांनी स्वतःकडे ठेवली नाही. त्या विश्वस्तांकडे सोपवल्या. चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. मुंबईत रुग्णालयांजवळही त्यांच्या कार्यातून धर्मशाळा झाल्या. महिनोन्महिने उपचार घेणाऱ्या रोग्याच्या नातेवाइकाला महानगरातले भाडे कसे पेलणार, हा प्रश्न यात्रेकरूच्या प्रश्नाचाच भाऊ होता.

मंदिराचे दार सर्वांना उघडले ते १९४७ मध्ये. साने गुरुजींनी १ मे रोजी उपोषण सुरू केले ते तनपुरे महाराजांच्या मठात. गावात त्यांना जागा द्यायला फारसे कोणी पुढे येत नसताना त्या मठाने ती दिली. पंढरपुरात उतारा कोण कोणाला देतो याला असे महत्त्व आहे.

या सगळ्या इमारतींच्या आधीपासून आणि आजही सर्वाधिक माणसांना सामावून घेणारी सोय कोणत्याच बांधकामात नाही. ती दिंडीत आहे. दिंडीतला वारकरी निघण्यापूर्वी ठरलेली भिशी भरतो. कोणी पैसे देतो, कोणी जोडीला ज्वारी-बाजरी. त्यातून पंधरा-वीस दिवसांचे जेवण, पाणी, सामानाची ने-आण आणि मुक्कामाचा तंबू भागतो. वारकरी पायी चालतो, त्याची वळकटी दिंडीच्या मालट्रकमधून पुढे जाते. ट्रक तळावर आधी पोचतो. चार माणसे खुंट्या ठोकून पाल उभारतात, भोवतीने पाणी जाण्यासाठी चर खणतात. संध्याकाळी दिंडी आली की जो तो आपली वळकटी नावाने किंवा दोरीच्या रंगाने ओळखून उचलतो. एका पालात पंचवीस-तीस जण दोन ओळींत झोपतात, डोकी मध्ये आणि पाय बाहेर, उशाला पिशवी. रात्री पाऊस आला तर कडेचे लोक आत सरकतात आणि सगळी ओळ कुशीवर वळते. इथे खोली विकत घ्यावी लागत नाही, कारण मुक्काम माणसाबरोबर चालत आलेला असतो. मंदिरापासूनचे अंतर आणि शौचालयाची अडचण हा या सोयीचा खरा तोटा, आणि तो स्त्रियांच्या वाट्याला जास्त येतो.

स्वातंत्र्यानंतर जुनी चौकट बदलत गेली. पंढरपूर मंदिराचा कायदा १९७३ मध्ये झाला, १९८५ पासून मंदिर समितीचा कारभार सुरू झाला आणि जानेवारी २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. उताऱ्याची जबाबदारीही हळूहळू घराण्यांकडून संस्थांकडे आली. मंदिर समितीने भक्तनिवास बांधले. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने पंढरपुरात मोठा मठ आणि भक्तनिवास चालवला आहे. तिथली स्वच्छता आणि कमी दर यांचा लौकिक आहे, आणि गर्दीतही दर वाढत नाहीत. शेगावकडची रीत अशी, की आगाऊ नोंदणी नाही. आधी येईल त्याला खोली. त्यामुळे खोल्या अडवून पुढे चढ्या भावाने देणाऱ्या दलालाला तिथे शिरकाव उरत नाही. उलट बाजूने, रात्री उशिरा लहान मुले घेऊन पोचलेल्या कुटुंबाला ओसरीवर थांबावे लागते.

अशा स्वस्त खोल्यांपुढे मध्यंतरी कराचा प्रश्न आला. १८ जुलै २०२२ रोजी दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोल्यांनाही वस्तू व सेवा कराची तेव्हाची १२ टक्के आकारणी लागू झाली. धार्मिक संस्थांच्या धर्मशाळांनाही हा कर लागणार का, असा गोंधळ उडाला. धार्मिक आणि धर्मादाय न्यासांच्या देवस्थान परिसरातल्या हजार रुपयांखालच्या खोल्या करमुक्तच असल्याचा खुलासा केंद्राने त्यानंतर केला.

वाळवंटातले तंबू गेल्या दशकात हटले. नदीपात्रातील घाणीचा आणि तिथे हाताने करून घेतल्या जाणाऱ्या सफाईचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाच्या आदेशांनंतर प्रशासनाने नदीपलीकडे ६५ एकर जागा पालखीतळ म्हणून विकसित केली. तिला भक्तिसागर असे नाव दिले आहे, पण वारकऱ्यांच्या तोंडी ती ‘पासष्ट एकर’च आहे. आषाढीपूर्वी तिथे फक्की टाकून प्लॉट आखतात आणि दिंड्यांना वाटून देतात. पाणी, वीज, शौचालये आणि दवाखाना तिथे असतो. एकादशीच्या रात्री अनेक दिंड्यांतले वारकरी पूल ओलांडून दर्शनबारीत उभे राहतात आणि पहाटे आपल्या पालात परततात.